सायकसची ओळख दर वेळी ‘सर्सिनॅलिस’पाशीच का चुकते, आणि ती कशी तपासावी

पुण्यात देशी झाडांच्या याद्या करताना, सोसायटीच्या बागेत नावाच्या पाट्या लावताना किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या आवारातील झाडांची नोंद घेताना एक अडचण हमखास पुढे येते. आवारात एक सायकस, म्हणजे पामसारखी दिसणारी शोभेची वनस्पती, असतो, त्याची पाने लांब आणि सपाट असतात, कोणीतरी मोबाईलवरच्या ॲपला त्याचा फोटो दाखवते, ॲप ‘सायकस सर्सिनॅलिस’ असे सायकसच्या अनेक जातींपैकी एकीचे नाव उत्तरादाखल देते आणि पाटीवर ‘सह्याद्रीतील देशी, संकटग्रस्त वृक्ष’ अशी ओळ रंगवली जाते. पुढे तीच पाटी दुसऱ्या यादीचा आधार होते आणि ती यादी तिसरीचा. अशा याद्या तपासायला माझ्याकडे येतात, तेव्हा सर्वांत जास्त दुरुस्त्या या एका नावापाशी कराव्या लागतात.

ही चूक मी स्वतःही केलेली आहे. कोथरूडच्या एका सोसायटीतील दोन पुरुष उंचीच्या एका सायकसचे नाव मला विचारले, तेव्हा मी केवळ पाने पाहून ‘सर्सिनॅलिस’ सांगितले आणि पाटी लागली. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच झाडाच्या बिया हातात आल्या. बी चिरल्यावर आत जे दिसले त्यावरून माझे उत्तर चुकीचे होते, हे निर्विवाद सिद्ध झाले. बी कशी चिरावी आणि तिच्यात काय पाहावे, ते पुढे सविस्तर लिहितो, कारण या सगळ्या तपासणीचा कणा तोच आहे.

आधी एक गोष्ट झटपट निकाली काढावी. समोरचे झाड सायकस आहे की नाही, हे एका पर्णिकेवरून, म्हणजे पानाच्या दांड्यावरच्या एका छोट्या पात्यावरून, ठरते. सायकसच्या पर्णिकेत मध्यभागी एकच ठसठशीत शीर असते आणि तिला बाजूच्या शिरा नसतात. रोपवाटिकांत बऱ्याचदा सायकसच्या शेजारीच ठेवलेली, जाड आणि खरखरीत पानांची मेक्सिकोची झॅमिया फर्फरेशिया ही सायकसची दूरची नातेवाईक असली तरी तिच्या पर्णिकेत मध्यशीर नसते, अनेक समांतर शिरा असतात. पामच्या पर्णिकेलाही समांतर शिरा असतात. ‘सागो पाम’ हे व्यापारी नाव कितीही रुळलेले असले तरी सायकस पाम नाही. तो अनावृतबीजी, म्हणजे बी फळात झाकलेली नसणाऱ्या, वनस्पतींपैकी आहे आणि त्याला फूल येतच नाही. आपल्या उपवासाच्या साबुदाण्याशीही त्याचा संबंध नाही, तो टॅपिओकाच्या कंदांपासून बनतो.

दुसरी पायरीही तितकीच सोपी आहे. पुण्यातल्या बंगल्यांच्या फाटकांपाशी, बँकांच्या दारांत आणि रस्त्याच्या मधल्या कुंड्यांत जो बुटका, गर्द हिरव्या ताठ पानांचा सायकस दिसतो तो बहुतेक वेळा सायकस रिव्होल्यूटा असतो. तो मूळचा जपानच्या दक्षिणेकडील बेटांवरचा असून स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग यांनी 1782 मध्ये त्याचे वर्णन केले. त्याचे पान टोकाकडून देठाकडे नजर लावून पाहिले तर दोन्ही बाजूंच्या पर्णिका वर उचललेल्या आणि पान इंग्रजी ‘व्ही’सारखे दिसते. पर्णिकेची कड खालच्या बाजूला वळलेली असते. बोट फिरवले की खाली एक पन्हाळ लागते. सर्सिनॅलिसचे पान याउलट सपाट असते, पर्णिका जवळजवळ एका पातळीत पसरलेल्या असतात आणि त्यांच्या कडा वळलेल्या नसतात किंवा किंचितच वळलेल्या असतात. मात्र दाट सावलीत वाढलेल्या रिव्होल्यूटाची पाने लांबतात, सैल पडतात आणि पर्णिकांच्या कडाही पुष्कळ सपाट होतात. दोन इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत वाढलेली अशी झाडे ‘सर्सिनॅलिस’ म्हणून नोंदली गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून पान निवडताना उन्हात वाढलेले, पूर्ण पक्व झालेले आणि कीड न लागलेले पान घ्यावे.

कीड न लागलेले, हे मुद्दाम लिहिले आहे. सायकसवर वाढणाऱ्या चिलॅडीस पांडवा या छोट्या निळ्या फुलपाखराच्या अळ्या कोवळ्या पालवीवर तुटून पडतात, आणि त्यांच्या मागे मुंग्याही येतात. एका फुटीची सगळी पालवी अशी कुरतडली गेली की उरलेल्या पर्णिका आखूड आणि वेड्यावाकड्या राहतात. अशा पानावर मोजलेली लांबी-रुंदी निरुपयोगी असते.

इथपर्यंत फारसा घोळ होत नाही. खरी अडचण त्यापुढे सुरू होते, म्हणजे झाड उंच आहे, पान सपाट आहे आणि ते रिव्होल्यूटा निश्चितच नाही, तेव्हा. अशा प्रत्येक झाडाला सर्सिनॅलिस म्हणण्याची सवय कशी लागली, हे समजल्याशिवाय ती सुटणार नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी 1753 मध्ये हे नाव दिले. त्या नावाचा आज मान्य असलेला आधार म्हणजे मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाच्या 1682 च्या तिसऱ्या खंडातील मलबारच्या ‘तोड्डा पन्ना’ या झाडाचे चित्र. नाव मलबारच्या झाडाचे असले तरी पुढे दीर्घकाळ पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिक बेटांपर्यंतचे, सपाट पानांचे बरेचसे उंच सायकस याच एका नावाखाली घातले गेले. वनस्पती उद्याने, रोपवाटिका आणि बागकामाची पुस्तके यांतून तेच नाव जगभर फिरले. विसाव्या शतकाच्या अखेरीस वनस्पतिशास्त्रज्ञ केन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोंधळाची फोड केली आणि 2007 मध्ये अँडर्स लिंडस्ट्रॉम व हिल यांनी भारतातील सायकसच्या जातींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार सर्सिनॅलिस ही फक्त भारतातली, पश्चिम घाटातली जाती ठरते. ती केरळ, तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दक्षिण भागात रानात आढळते. इंडोनेशियाच्या बाजूचा सायकस रम्फाय, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा व मादागास्करचा सायकस थुआर्साय यांना वेगळे स्थान मिळाले. नावाची व्याप्ती आकसली, परंतु बागेतल्या पाट्या जुन्याच राहिल्या आणि जुन्या पाट्यांखाली काढलेल्या फोटोंवरच आजच्या ॲपचे ‘शिक्षण’ झाले, असे मला वाटते. रोपवाटिकेतील ‘क्वीन सागो’ हे नावही सर्सिनॅलिस आणि रम्फाय दोघांनाही सर्रास लावले जाते, त्यामुळे पावतीवर काय लिहिले आहे याचा पुरावा म्हणून उपयोग होत नाही.

सर्सिनॅलिस आणि रम्फाय यांची पाने शेजारी शेजारी ठेवली तरी माझ्यासारख्या माणसाला खात्रीने वेगळी काढता येत नाहीत. देठावरचे काटे दोघांनाही असतात. पर्णिकांची संख्या व रुंदी वय, ऊन आणि पाणी यांनुसार इतकी बदलते की एकाच झाडाच्या दोन फुटींतही फरक सापडतो. खोडाची उंचीही निर्णायक नाही. म्हणून माझा सल्ला असा की पानावर थांबूच नये. सरळ झाडाखाली वाकून पाहावे.

सायकसची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. मादी झाडाला नरासारखा घट्ट शंकू, म्हणजे खवल्यांचा कणसासारखा भाग, येत नाही. शेंड्यावर पानांच्या मधोमध बदललेल्या पानांचा एक झुबका येतो, त्या प्रत्येक पानाला बीजधारी पर्ण म्हणतात. त्याच्या देठाच्या दोन्ही कडांना बीजांडे (ज्यांची पुढे बी होते) बसलेली असतात आणि टोकाला एक छोटे पाते असते. वाढीचा कोंब याच झुबक्यातून पुढे निघतो, त्यामुळे बिया पिकेपर्यंत ही पर्णे नव्या पानांच्या खाली लोंबत राहतात आणि वाळल्यावर बुंध्याशी पडतात. माळ्याने झाडलोट केली नसेल तर ती महिनोन्महिने सापडतात. माझ्यासमोर आत्ता कोथरूडच्या त्या झाडाचे एक पर्ण आहे. वीतभर लांब, वाळून तपकिरी पडलेले, टोकाचे पाते भाल्याच्या फाळासारखे अरुंद, दोन्ही कडांना बारीक आणि साधारण समान अंतरावरचे टोकदार दाते, आणि अगदी शेवटी एक लांब टोक. बिया जिथे होत्या तिथे खोलगट वण आहेत. पाते चिमटीत धरून फिरवले तर दाते बोटाला टोचतात, पण ते खोलवर फाटलेले नाहीत.

हे पर्ण दोन शक्यता लगेच बाद करते. रिव्होल्यूटाचे बीजधारी पर्ण पिवळट-तपकिरी दाट लवीने माखलेले असते, पाते खोलवर चिरलेले असते, बोटे ताणलेल्या पंजासारखे, आणि बीजांडांवरही लव असते. ईशान्य भारतातल्या सायकस पेक्टिनेटाचे पाते रुंद, जवळजवळ गोलसर असते आणि त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारखे लांब दाते असतात. पेक्टिनेटा हे नावही त्यावरूनच पडले. त्याची बीजांडे मात्र गुळगुळीत असतात, ही बाब रिव्होल्यूटापासून त्याला वेगळे काढताना लक्षात ठेवावी. सर्सिनॅलिस आणि रम्फाय या दोघांचीही पाती अरुंद व बारीक दात्यांची आणि बीजांडे गुळगुळीत असतात, म्हणून या दोघांतला निवाडा पर्णावरही पूर्ण होत नाही.

तो निवाडा बी करते. पिकलेली, झाडाखाली पडलेली बी घ्यावी. ती लहान लिंबाएवढी असते. बाहेरचा पिवळसर मांसल थर सुरीने काढून टाकावा आणि आतील कठीण कवचाची बी शिकंज्यात धरून बारीक दात्यांच्या करवतीने लांबीच्या दिशेने दोन भागांत कापावी. अडकित्ता वापरू नये. मी एकदा वापरला होता. कवच फुटले, आतले थर एकमेकांत दाबले गेले आणि पाहण्यासारखे काहीच राहिले नाही. कापलेल्या भागात बाहेरून आत पाहत जावे. आधी लाकडासारखे कठीण कवच दिसते. सर्सिनॅलिसमध्ये त्या कवचाला जवळजवळ लागूनच पांढरा, पिठूळ गर असतो, मध्ये फक्त एक पातळ पापुद्रा. रम्फाय आणि त्याच्या जवळच्या जातींत कवच आणि गर यांच्यामध्ये आणखी एक थर असतो, बुचासारखा, हलका, सच्छिद्र, नखाने दाबला तर दबणारा. हा बुचासारखा थर समुद्रावाटे पसरणाऱ्या जातींचे वैशिष्ट्य आहे. त्याच्यामुळे बी पाण्यावर तरंगते आणि एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्याला लागते. पश्चिम घाटाच्या उतारांवर वाढणाऱ्या सर्सिनॅलिसला त्याची गरज पडली नाही. कोथरूडच्या बीमध्ये हा थर स्पष्ट होता, आणि तो दिसला त्या क्षणी सह्याद्रीच्या देशी वृक्षाची ती पाटी चुकीची ठरली.

इथे दोन ठिकाणी फसगत होते, म्हणून थोडे थांबून लिहितो. पहिली फसगत बी पाण्यात टाकून पाहण्याच्या सोप्या चाचणीत आहे. तरंगली म्हणजे रम्फाय आणि बुडाली म्हणजे सर्सिनॅलिस, असे म्हणता येत नाही, कारण परागण न होताही सायकसची बीजांडे फुगून पूर्ण बीसारखी दिसतात आणि आत गर नसल्यामुळे अशी पोकळ बी कोणत्याही जातीची असली तरी तरंगू शकते. शहरात एकटीच लावलेली मादी झाडे पुष्कळ आहेत, त्यामुळे हा प्रकार वारंवार घडतो. म्हणून बी कापून, आत गर भरलेला आहे याची खात्री करूनच निष्कर्ष काढावा, आणि तोही एका बीवर न काढता निदान चार-पाच बिया पाहून काढावा. दुसरी फसगत म्हणजे बुचासारखा थर सापडल्यावर लगेच ‘रम्फाय’ लिहून मोकळे होणे. हा थर एका संपूर्ण गटाचा आहे. त्यात थुआर्साय येतो, श्रीलंका आणि अंदमान-निकोबारकडचा सायकस झेलॅनिका येतो. थर आहे म्हणजे सर्सिनॅलिस नाही, एवढेच खात्रीने म्हणता येते. नकार पक्का असणे ही यादी शुद्ध ठेवण्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे, होकार नंतर मिळाला तरी चालतो.

बी हाताळताना काळजी घ्यावी. सायकसच्या सर्व भागांत, विशेषतः बीमध्ये, सायकॅसिनसारखी विषारी द्रव्ये असतात. कुत्र्याने एखादी बी चावली तरी त्याच्या यकृताला गंभीर इजा होऊ शकते. कापण्याचे काम घरातल्या चिरण्याच्या फळीवर करू नये, हात साबणाने धुवावेत आणि उरलेले तुकडे मुलांच्या किंवा जनावरांच्या हाती लागणार नाहीत असे टाकावेत. मलबारात या बियांचे पीठ खाण्याची परंपरा आहे, पण ती दीर्घकाळ भिजवून आणि वाळवून विष काढण्याच्या ज्ञानावर उभी आहे. त्या आधारावर इथे कोणी प्रयोग करू नये.

नर झाड असेल तर काय, हा प्रश्न नेहमी येतो. नर शंकूवरून रिव्होल्यूटा वेगळा काढता येतो. त्याचा शंकू लांबट आणि लवदार असतो. सर्सिनॅलिसच्या शंकूतील प्रत्येक पराग देणाऱ्या खवल्याला वर वळलेले टोकदार टोक असते, पण रम्फायच्या खवल्यालाही टोक असते. त्यामुळे केवळ नर झाड हाती असेल तर मी जातीचे नाव लिहीत नाही.

भारतात आणखीही देशी सायकस आहेत आणि पुण्याच्या हौशी संग्राहकांकडे त्यांपैकी काही असू शकतात. तिरुमला-शेषाचलमच्या डोंगरांतला सायकस बेडोमाय अरुंद, कडा वळलेल्या पर्णिकांमुळे पहिल्या नजरेत रिव्होल्यूटासारखा वाटतो. त्याच्या बीजधारी पर्णाचे पाते मात्र रिव्होल्यूटासारखे खोलवर चिरलेले नसते. पूर्व घाटात, आंध्र आणि ओडिशाच्या बाजूला, सायकस स्फेरिका आहे. केरळातून सायकस अन्नाईकलेन्सिस 2006 मध्ये, आणि कर्नाटकातून सायकस इंडिका 2007 मध्ये व सायकस स्वामी 2008 मध्ये वर्णिले गेले. या शेवटच्या तिघांचा निवाडा बागेतल्या झाडावरून करण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांची ओळख रानातल्या ठिकाणाशी इतकी बांधलेली आहे की मूळ गाव हरवलेल्या झाडाला ती नावे लावणे म्हणजे अंदाजच ठरतो.

मूळ गाव हाच शेवटी सगळ्यांत दुबळा दुवा ठरतो. पुणे शहरात दिसणारा प्रत्येक सायकस कोणीतरी लावलेला आहे, असे धरूनच सुरुवात करावी. तो सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून आला, की कोकणातल्या एखाद्या आजोळच्या घरातून पिल्लू काढून आणला, की जुन्या वाड्यातून बांधकामाच्या वेळी उचलला, हे मालकाला विचारून लिहून ठेवावे. सायकसच्या जातींचा लागवडीत संकर होऊ शकतो; शेजारच्या बंगल्यात वेगळ्या जातीचा नर असेल तर बीपासून वाढवलेले रोप दोन्हींच्या मधलेच निघते. शिवाय ‘देशी’ हा शब्द वापरताना कुठला देश, हेही सांगावे. पेक्टिनेटा भारतीय आहे, पण तो आसाम-मेघालयाचा आहे. त्याला पुण्याच्या देशी वृक्षांच्या यादीत बसवणे योग्य नाही.

नोंद करताना मी आता पाच फोटो मागतो: संपूर्ण झाड; पान वरून; तेच पान टोकाकडून देठाकडे पाहताना; बीजधारी पर्ण किंवा नर शंकू जवळून, बाजूला पट्टी ठेवून; आणि कापलेली बी. शेवटचे दोन नसतील तर पाटीवर ‘सायकस, जाती अनिश्चित, लागवडीतील’ एवढेच लिहावे. असे लिहिण्यात काहीही कमीपणा नाही आणि पुढे बी मिळाली की पाटी पूर्ण करता येते. पर्णे व बिया जपून ठेवल्या, त्यांच्यावर तारीख व जागा लिहिली, तर जाणकाराला दाखवता येतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र 1955 पासून पुण्यातच आहे आणि तिथे वनस्पतींच्या वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. तुलनेसाठी रानातून काही तोडून आणू नये. सर्सिनॅलिस जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. त्याचे नर शंकू औषधासाठी आणि पाने सजावटीसाठी तोडली जातात. सायकसच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे, आणि बेडोमायला तर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचेही संरक्षण आहे. घाटात खरा सर्सिनॅलिस दिसला तर फोटो घ्यावा, खाली पडलेले पर्ण पाहावे आणि ते तिथेच ठेवावे.

कोथरूडची पाटी बदलली. आता तिच्यावर ‘सायकस, रम्फाय गट, लागवडीतील, मादी’ असे लिहिले आहे. गटातील नेमकी जाती ठरवण्यासाठी कापलेल्या बियांपैकी दोन आणि ते वाळलेले पर्ण मी कागदात गुंडाळून, तारीख घालून ठेवले आहे. शेजारच्या बंगल्यातील नराला पुढच्या वेळी शंकू आला की त्याचा एक खवला द्यायचे मालकांनी कबूल केले आहे.